मधला पाय

पंख्याचा जुना रेग्युलेटर ज्यांनी वापरलाय, त्यांना तो आधी तळहाताला आठवेल. स्विचबोर्डावर सगळ्यांपेक्षा जास्त जागा अडवून बसलेला बेकेलाइटचा डबा, बाजूला हवेसाठी चिरा, समोर टोक असलेली चकती. शून्य ते पाच. प्रत्येक आकड्यावर खट्‌कन अडकायची. पंखा तासभर दोनवर फिरला की डबा चांगला तापायचा आणि चिरांमधून भाजलेल्या धुळीचा वास यायचा. आमच्याकडे पावसाळ्यात सादळलेली काडेपेटी त्याच्या डोक्यावर ठेवायची पद्धत होती, आणि काड्या खरोखरच पेटायच्या.

आत फारसं काही नसायचं. उष्णता सोसणाऱ्या गाभ्यावर गुंडाळलेली मिश्रधातूची तार, तिला ठरावीक अंतरावर काढलेले फाटे, आणि चकतीबरोबर एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर सरकणारी पितळी पट्टी. पाचवर ही तार पूर्ण वगळली जायची, पंख्याला घरातली वीज थेट मिळायची. एकवर सगळी तार वाटेत यायची. म्हणजे आकडा वाढला की रोध कमी व्हायचा. या डब्याला पंख्याबद्दल काहीच ठाऊक नसे. तो फक्त वाटेत उभा राहायचा.

त्यावरून घराघरांत दोन पक्ष असत. वडीलधाऱ्यांचा पक्ष म्हणायचा, पंखा एकवर ठेवा, बिल कमी येईल. शास्त्र शिकलेला पक्ष हसून सांगायचा की काही वाचत नाही, पंख्यात वाचलेली वीज रेग्युलेटरात जळते, बिल तेवढंच. हा दुसरा पक्ष जास्त हुशार समजला जायचा, पण चूक त्याचीच मोठी होती. पुरवठा २३० व्होल्टवर स्थिर आहे आणि वाटेतला रोध वाढवला, तर घरात येणारा एकूण करंटच कमी होतो. तो कमी झाला की मीटरही हळू फिरतो. उरलेल्यातला काही भाग डब्यात उष्णता होऊन जातो हे खरंच, म्हणून वारा जेवढा कमी होतो तेवढं बिल कमी होत नाही. थोडी बचत, बराच उकाडा, असा तो सौदा होता. पण ‘तेवढंच’ हा शब्द खोटा. गंमत अशी की बिनरोधाचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य अजून तसंच बोललं जातं.

या गैरसमजाच्या मुळाशी एक सवय आहे. आपण रोधाकडे एकट्याकडे बघतो. त्यानं ‘एवढा करंट अडवला’, ‘एवढे व्होल्ट खाल्ले’ असं म्हणतो, जणू ते आकडे त्या तुकड्यावरच छापलेले आहेत. तुकड्यावर ओहम छापलेले असतात, व्होल्ट नाहीत. व्होल्ट किती पडणार हे सर्किटात त्याच्यासोबत आणखी कोण बसलंय यावर ठरतं.

सहा व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्यापुढे १०० ओहमचं काहीतरी जोडा, आणि त्याच्याशी एकसर एक बदलता रोध, शून्यापासून ५०० ओहमपर्यंत सरकणारा. प्रयोगशाळेत असतो तसा, नळीवर शेजारी शेजारी गुंडाळलेली तार आणि वरच्या दांडीवर पुढेमागे होणारा सरकता. सरकता शून्यावर असताना करंट ६० मिलिअँपियर, आणि सगळे सहा व्होल्ट आपल्या १०० ओहमवर. आता बदलता रोध १०० ओहमवर आणा. करंट निम्मा, ३० मिलिअँपियर. व्होल्टही निम्मे निम्मे, तीन इकडे, तीन तिकडे. पुढं सरकवत नेऊन शेवटच्या टोकाला, ५०० ओहमवर, न्या. करंट १० मिलिअँपियर, आपल्या वस्तूवर एकच व्होल्ट उरला, पाच रोधाकडे गेले.

इथं जरा थांबायला हवं, कारण पुस्तकातल्या सरळ रेषेत हे दिसत नाही. सरकत्यानं एकूण वाटेच्या पहिल्या पाचव्या भागातच करंट निम्म्यावर आणला. उरलेल्या चार भागांत त्यानं जेमतेम २० मिलिअँपियर कमी केले. म्हणजे बटण सारख्या वेगानं फिरवलं तरी परिणाम सारख्या वेगानं होत नाही, सगळा खेळ सुरुवातीलाच उरकतो. आणि ‘सुरुवात’ कुठं संपते हे बटण ठरवत नाही, शेजारचे १०० ओहम ठरवतात. त्यांच्या जागी १०,००० ओहम असते तर तोच सरकता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला तरी करंट पाच टक्केही हलला नसता. बटण जिवंत आहे की मेलेलं, अशी शंका आली असती.

आणखी एक. रोध सर्वांत जास्त केव्हा तापतो? शून्यावर त्याच्यात काहीच जळत नाही. ५०० वर करंटच इतका कमी असतो की उष्णता उतरते. सर्वांत जास्त तो मध्येच तापतो, नेमका शेजाऱ्याइतका, १०० ओहमचा, असतो तेव्हा. ‘जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता’ आणि ‘जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता’ ही दोन्ही वाक्यं वर्गात ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

जॉर्ज सायमन ओहमनं आपला नियम ज्या रूपात मांडला, ते रूप शाळेत आपल्यापर्यंत पोचत नाही याची मला नेहमी हळहळ वाटते. कुलुपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, जन्म १७८९, गाव एर्लांगेन. कोलोनच्या शाळेत तो गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा आणि शाळेच्याच उपकरणांवर प्रयोग करायचा. १८२५ मध्ये त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन करंट कसा घटतो ते मोजलं, पण त्या वेळची बॅटरी बेभरवशाची होती. जोडली की तिचा जोर उतरायचा, सोडली की पुन्हा चढायचा. त्यामुळे त्या वर्षी त्यानं छापलेलं सूत्रच चुकीचं निघालं. पोगेंडॉर्फ या संपादकानं त्याला सुचवलं की बॅटरी सोड, सीबेकनं नुकतीच शोधलेली युक्ती वापर. दोन वेगळ्या धातूंचे जोड, एक गरम, एक थंड, की त्यातून अगदी स्थिर विभवांतर मिळतं. ओहमनं बिस्मथ आणि तांबं घेतलं, एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. वर टांगलेली चुंबकसुई मूळ जागी आणायला तिची टांगणी किती पिळावी लागते त्यावरून करंटचा जोर मोजला. १८२६ मध्ये त्याला जे सापडलं ते असं होतं: करंटचा जोर म्हणजे अ भागिले, ब अधिक क्ष. अ हा त्या जोडांच्या तापमानातल्या फरकातून आलेला रेटा. क्ष ही तपासायच्या तारेची लांबी. आणि ब?

ब म्हणजे बाकीचं सगळं. सुईभोवतीच्या तारा, जोड, पाऱ्याच्या वाट्या, उपकरणाचं स्वतःचं अंग. त्यानं तारा बदलल्या, क्ष बदलला, तापमान बदललं तसा अ बदलला, पण ब जागचा हलला नाही. पुढं पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी ब काढून टाकला, आणि विभवांतर भागिले रोध एवढंच ठेवलं. हिशेब सोपा झाला. पण माझ्या मते अख्ख्या सूत्रातलं सगळ्यात शहाणं अक्षर तेच होतं. घरातल्या विजेच्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ या ‘ब’च्या तक्रारी असतात.

ओहमचं पुस्तक १८२७ मध्ये आलं. जर्मनीत त्याचं स्वागत थंडच झालं आणि त्यानं कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ले पदक दिलं ते १८४१ मध्ये. म्युनिकच्या विद्यापीठात हवी ती प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला. सरकता रोध प्रयोगशाळेत रुळवला तो चार्ल्स व्हीटस्टननं, १८४३ च्या आपल्या निबंधातून, आणि त्याच निबंधात त्यानं ओहमला उचलून धरलं.

रेडिओच्या दुकानात मात्र हा बदलता रोध वेगळ्याच रूपात भेटतो. तिथं त्याला तीन पाय असतात. नाव विचाराल तर दुकानदार ‘व्हॉल्यूम’ म्हणेल, वस्तूलाच. “याचा व्हॉल्यूम गेलाय,” म्हणजे आवाज गेला असं नाही, तो गोल भाग गेला. पत्र्याच्या टोपीखाली घोड्याच्या नालेसारखी कार्बनची काळी पट्टी असते. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय, आणि मधला पाय पट्टीवर टेकून सरकणाऱ्या पितळी जिभेचा. पंख्याच्या डब्यात दोनच टोकं कामाची होती, तो वाटेत उभा राहून करंट आवळत होता. इथं पूर्ण पट्टी कायम सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेली असते, ती हलत नाही. हलतो मधला पाय. तो वरच्या टोकाला गेला की पूर्ण सिग्नल उचलतो, खालच्या टोकाला गेला की काहीच नाही, आणि मध्ये कुठंही असला तर खालच्या तुकड्याच्या वाट्याला जेवढं आलंय तेवढं. करंट अडवणं हे त्याचं कामच नाही. व्होल्टेजची वाटणी जिथं हवी तिथून उचलणं, एवढंच.

हा फरक कागदावर कळायला वेळ लागतो. बिघडलेला रेडिओ तो पटकन शिकवतो. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाचा टाका सुटला तर रेडिओ गप्प होतो किंवा नुसता गुंगुं करतो. पण अर्थकडच्या पायाचा टाका सुटला तर वेगळीच भानगड. बटण कितीही डावीकडे फिरवा, आवाज कमी होतच नाही. विविध भारती भरगच्च आवाजात चालूच. कारण खालचा पाय सुटला की वाटणीच संपली, पट्टीतून करंट वाहायचा थांबला, आणि करंट वाहत नसेल तर पट्टीवर व्होल्ट पडत नाहीत. मधला पाय पट्टीवर कुठंही असो, त्याला सगळीकडे पूर्णच सिग्नल मिळतो. रोध जागेवर आहे, ओहम तेवढेच आहेत, परिणाम शून्य. जुना मेकॅनिक बटण फिरवून फक्त ऐकतो आणि कोणता पाय सुटलाय ते झाकण न उघडता सांगतो.

खरखरीची गोष्ट साधी आहे. पट्टीवर धूळ आणि झिजलेल्या कार्बनची पूड बसते, जीभ क्षणभर अधांतरी राहते, आणि तो क्षण स्पीकरमधून ऐकू येतो. स्पिरिटचा थेंब सोडून बटण भराभर पुढंमागं फिरवलं की पुढचे काही महिने निभावतात.

त्या पट्टीची एक करामत मात्र सांगण्यासारखी आहे. आपला कान बेरजेनं ऐकत नाही, पटीनं ऐकतो. पट्टी सगळीकडे सारख्या रोधाची ठेवली तर बटण जरासं फिरवताच आवाज अंगावर येतो आणि पुढं फिरवत राहिलं तरी फारसा फरक वाटत नाही. म्हणून व्हॉल्यूमच्या पट्टीवर कार्बनचा लेप मुद्दाम विषम देतात. बटण निम्म्यावर असताना मधल्या पायावर निम्मा नव्हे, जेमतेम दहा-पंधरा टक्के सिग्नल असतो, आणि कानाला ते ‘निम्मं’ वाटतं. आशियाई बनावटीच्या भागांवर यासाठी ए हे अक्षर असतं, सरळ चढणाऱ्या पट्टीवर बी. घाईत ए च्या जागी बी बसवला की रेडिओ चालतो, पण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, “आवाज एकदम वाढतोय हो.” म्हणजे हिशेब शेवटी कानापर्यंत जातो. ‘ब’मध्ये कानही आला.

शाळकरी मुलांना हा तीन पायांचा तुकडा मिळाला की ती हमखास त्याच्यावर खेळण्यातली मोटर चालवायला जातात. कागदावर बेत पक्का असतो. दहा हजार ओहमची पट्टी, दोन टोकांना सहा व्होल्ट, बटण मधोमध, म्हणजे मधल्या पायावर तीन व्होल्ट. मीटर लावला तर तीन येतातही. मग मोटर जोडतात आणि ती ढिम्म हलत नाही. १०० ओहमचं साधं ओझंसुद्धा मधल्या पायाला लावलं तर तिथले तीन व्होल्ट घसरून ०.१२ च्या आसपास येतात. कारण खालचे पाच हजार आणि ते शंभर आता समांतर झाले, दोघे मिळून शंभरापेक्षाही कमी, आणि वरचे पाच हजार जवळजवळ सगळे व्होल्ट घेऊन बसले. काढा मोटर, मीटर पुन्हा तीन दाखवतो. कंटाळून मुलं बटण वरच्या टोकाकडे नेतात, मोटर एकदम गरकन फिरते, आणि पट्टीच्या टोकापासून धुराची बारीक रेघ निघते.

रोध लावून मोटर चालवण्याचं काम मुंबईच्या लोकलनं मात्र जवळजवळ शतकभर, लाखो माणसांना घेऊन, केलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. मोटर उभी असताना तिच्या गुंडाळ्यांचा रोध ओहमच्या अंशाइतका असतो. थेट १५०० व्होल्ट दिले तर हजारो अँपियरचा लोंढा आत शिरेल आणि मोटर जळून जाईल. फिरायला लागली की ती स्वतःच उलट दिशेनं विभव निर्माण करते आणि करंटला आवर घालते, पण त्यासाठी आधी फिरायला तर हवी. म्हणून सुरुवातीला मोटरांशी एकसर मोठमोठे रोध जोडलेले असायचे, गाडीच्या पोटाखाली पेट्यांमध्ये. मोटरमननं हँडल टाकलं की सगळे रोध वाटेत. गाडी थोडी हलली, करंट जरा उतरला, की एक टप्पा वगळायचा. करंट पुन्हा चढला, गाडीनं हलका हिसका दिला, वेग वाढला, करंट उतरला, पुढचा टप्पा वगळला. शेवटी एकही रोध उरायचा नाही. दादरला गच्च भरलेल्या डब्यात उभ्यानं जाणाऱ्याला ते हिसके पावलांतून कळायचे. त्याला ओहमचं नावही ठाऊक असायची गरज नव्हती, पुढचा हिसका केव्हा येणार ते ठाऊक असायचं.

या पद्धतीचं दुखणं उघड होतं. दर स्टेशनला थांबायचं आणि दर स्टेशनवरून निघताना वीज पेट्यांत जाळायची. नव्या गाड्यांत ते रोध गेले, इलेक्ट्रॉनिक पद्धती आल्या. १५०० व्होल्टही गेले, २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळे मार्ग २५,००० व्होल्टच्या एसीवर आले. कारण पुन्हा वाटेतल्या रोधाचंच. तेवढीच शक्ती न्यायची तर २५,००० व्होल्टवर करंट जेमतेम सतराव्या भागाइतका लागतो, आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणजे तारेचा रोध तोच धरला तर सुमारे पावणेतीनशेव्या भागावर येते. एवढा मोठा खर्च करून एका अक्षराला नमवलं, असं म्हणायला हरकत नाही.

घरातला ‘ब’ मात्र असा जाहीर नसतो. तो लपून बसतो, बहुतेक वेळा एखाद्या गंजलेल्या जोडात. मुरलेल्या वायरमनच्या पिशवीत डिजिटल मीटर असला तरी शेजारी एक होल्डर असतो, त्याला दोन हातभर वायरी, आणि होल्डरात साधा पिवळा बल्ब. टेस्ट लॅम्प. मीटर असताना हा कशाला, असं शिकाऊ पोरं विचारतात. प्रसंग नेहमीचा आहे. खोलीत दिवा लागत नाही. टेस्टर लावला तर पेटतो. मीटर लावला तर २३० दाखवतो. वीज आहे, दिवाही चांगला आहे, पण लागत नाही.

समजा, भिंतीतल्या जोडावर गंज चढून तिथं पाच हजार ओहमचा रोध तयार झालाय. मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहम. दोघांत वाटणी झाली तर पाच हजाराच्या वाट्याला काय येणार? व्होल्टचा दहावा भाग. मीटर २२९.९ दाखवतो आणि त्या दृष्टीनं तो खरंच बोलतोय. आता त्याच जागी १०० वॅटचा बल्ब लावा. पेटलेल्या बल्बचा रोध ५३० ओहमच्या आसपास असतो, पण थंड असताना तार चाळीसएक ओहमच भरते. बल्बला दोन-तीन व्होल्टसुद्धा मिळत नाहीत, बाकीचे सव्वादोनशे तो गंज गिळतो. बल्ब काळा राहतो, आणि वायरमन म्हणतो, “जोड लूज आहे.” मीटर सर्किटाकडून काही मागत नाही म्हणून त्याला सगळं मिळाल्यासारखं दिसतं. बल्ब मागतो. मागितल्याशिवाय वाटेतला रोध तोंड उघडत नाही.

त्या जोडात तेवढ्या वेळात सुमारे दहा वॅट उष्णता निर्माण होते, मोहरीएवढ्या जागेत. स्विचबोर्डाच्या प्लास्टिकला तपकिरी डाग पडतो, मासे कुजल्यासारखा वास येतो, त्याचं कारण हेच. असा वास आला तर मीटरवर किती व्होल्ट दिसतात हा प्रश्न गैरलागू आहे, मेन बंद करावा.

आणि कधीकधी हा ‘ब’ आपणच असतो. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम, कधी लाखाच्या घरात. ओल्या हातानं, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर तो हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्ट भागिले हजार म्हणजे २३० मिलिअँपियर, आणि घरातला जीव वाचवणारा ब्रेकर ३० मिलिअँपियरची गळती झाली की पडायला सांगितलेला असतो. पायातली रबरी चप्पल हा त्या सर्किटातला एकसर रोध आहे, आईनं सक्ती केलेला. हेन्री कॅव्हेंडिशनं अठराव्या शतकात करंट मोजायला स्वतःचं शरीरच वापरलं होतं, दोन धक्क्यांतला कोणता जोराचा ते अंगानं ठरवायचं. ओहमच्या आधी तो त्या नियमाच्या जवळ पोचला होता, पण त्यानं छापलं नाही. मॅक्सवेलनं त्याची टिपणं १८७९ मध्ये बाहेर काढली तेव्हा ते जगाला कळलं.

बदलत्या रोधाचा सगळ्यात मोठा खेळ मात्र शिवारात चालतो, आणि तिथं कोणी बटण फिरवत नसतं. एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्यापासून निघालेली ॲल्युमिनियमच्या तारांची लाइन, ओढ्यापलीकडच्या शेवटच्या पोलापर्यंत. वाटेत विहिरीविहिरीवर मोटारी. लाइनचा रोध ठरलेला आहे, तो बदलत नाही. बदलतं ते ओझं. एक मोटर चालू झाली की सगळ्यांच्या घरातले दिवे डोळा मारतात, कारण पाच एचपीची मोटर थेट चालू केली तर सुरुवातीला नेहमीच्या सहापट करंट ओढू शकते, आणि तेवढ्या क्षणापुरते लाइनवर जास्त व्होल्ट पडतात. वस्तीतला दिवा मिणमिणला की म्हातारी घरात बसून सांगते, कोणीतरी मोटर टाकली.

पुढचा भाग ओहमच्या नियमावर भाबडी श्रद्धा ठेवणाऱ्याला गोंधळात टाकतो. व्होल्टेज उतरलं तर करंट उतरायला हवा ना? बल्बच्या बाबतीत उतरतो. चालत्या मोटरच्या बाबतीत चढतो. विहिरीची खोली तीच, पाणी तेवढंच उचलायचंय, मोटरकडून तेवढंच काम हवंय. व्होल्टेज वीस टक्के उतरलं की तिचं फिरवण्याचं बळ चौसष्ट टक्क्यांवर येतं, ती थोडी मागं रेंगाळते, उलट विभवाचा आवर सैल होतो, आणि ती जास्त करंट ओढून कामाची भरपाई करते. जास्त करंट म्हणजे लाइनवर आणखी व्होल्ट पडणार. त्यानं शेजारच्या मोटरचं व्होल्टेज उतरतं, मग तीही जास्त ओढते. शेवटच्या पोलावरचा शेतकरी या साखळीच्या टोकाला.

त्यात ऑटोस्विच. लाइट रात्री अपरात्री येते, अंधारात विहिरीवर जायचं, पायाखाली काय असेल सांगता येत नाही. म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात, लाइट आली की मोटर आपोआप चालू. सोय म्हणून अगदी रास्त. पण लाइट आल्याच्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येकीला सहापट करंट हवा. व्होल्टेज असं बसतं की एकीलाही धड उठता येत नाही, सगळ्या नुसत्या गुरगुरतात. एक तर डीपीचा फ्यूज जातो किंवा कोणाची तरी मोटर. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं वीजवाले सांगत असतात. कपॅसिटर लावल्यानं लाइनवरचा फुकटचा करंट कमी होतो, हे खरंच आहे. पण रात्री दोनला साप पायाखाली येण्याची भीती त्यानं कमी होत नाही, हेही खरंच. मी यात शेतकऱ्याला बोल लावणार नाही.

म्हणून तालुक्याच्या गावात रिवाइंडिंगची दुकानं कधी ओस पडत नाहीत. वार्निशचा वास, दारात जळक्या तांब्याच्या तारांचा ढीग, भिंतीला टेकून ठेवलेल्या उघड्या मोटारी. मिस्त्री मोटर उघडतो आणि आधी गुंडाळ्यांचा रंग बघतो. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि तिसरीच्या स्वच्छ दिसल्या, तर एक फेज गेला होता. सगळ्या सारख्याच काळ्या, तर मोटर अडकली किंवा लो व्होल्टेज.

अशाच एका दुकानात बसलो होतो. एक अण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोटर घेऊन आलेले, गेल्याच हंगामात भरलेली. मिस्त्रीनं झाकण काढलं, बॅटरीचा झोत मारला, सगळीकडे एकसारखा काळा रंग.

“लो व्होल्टेज, अण्णा.”

“नाही रे बाबा. मी काय आज शेती करतोय का? स्टार्टरवरचा मीटर बघितल्याशिवाय बटण दाबत नाही. चांगलं चारशे दहा होतं.”

मिस्त्रीनं पक्कड खाली ठेवली. “ते बटण दाबायच्या आधीचं झालं. दाबल्यावर किती होतं?”

अण्णा जरा विचारात पडले. “दाबल्यावर कोण बघतंय? पाणी आलं का ते बघायला पाइपाकडे जातो ना.”

“मग उद्यापासून पाणी पोराला बघू द्या,” मिस्त्री म्हणाला आणि काळ्या गुंडाळ्या कापायला लागला. “तीनशे पन्नासच्या खाली दिसलं की लाल बटण. आणि तांबं घरचं देणार का दुकानाचं लावू?”